मान खाली घातलेला धोत्रा

आबा वारले त्यानंतरच्या श्रावणात ते दर सोमवारी घरी येऊ लागले. हे मी इतक्या सरळपणे लिहिते आहे, कारण माझी माय ते तितक्याच सरळपणे सांगायची. दूधवाला येऊन गेला, गॅसचा बाटला आला, तुझा बाप येऊन गेला. शाळेतून येऊन मी पर्स खुंटीला लावेपर्यंत ही बातमी मला मिळालेली असायची. तिच्या आवाजात रडण्याचा मागमूस नसायचा. मला भीती त्याचीच वाटायची.

आमचं घर सुरतेबाहेर, चलथाणच्या अलीकडे आहे. उसाच्या शेतांचे प्लॉट पाडून बांधलेल्या रो-हाउसच्या ओळीतलं शेवटचं. शेवटचं असल्यामुळे भिंतीला लागून जमिनीची एक चिंचोळी पट्टी आम्हाला जास्तीची मिळाली, आणि आबांनी घर घेतलं ते त्या पट्टीसाठीच. खोल्या त्यांनी नीट पाहिल्यासुद्धा नव्हत्या. त्यांचं सगळं आयुष्य सुरतेतल्या लिंबायतमध्ये लूमवर, कापडाच्या मागावर गेलं होतं. लूमच्या खडखडाटाने कान गेले होते आणि कापसाच्या धुळीने छाती. शेवटी दम लागून जिना चढवेना तेव्हा ते खाट, भांडी आणि देव घेऊन इकडे आले. मी तेव्हा माहेरी परतले होते. माझं लग्न फार टिकलं नाही, आणि त्याबद्दल या लेखात एवढंच.

ते झाड त्यांनी कडोदऱ्याच्या नाक्यावर एका रोपवाल्याच्या हातगाडीवरून आणलं. रोपवाल्याने काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते घरी येईपर्यंत हरवलं. भिंतीच्या सावलीत ते चांगलं फोफावलं, आणि त्याला फुलं आली तेव्हा आबा हसत सुटले. खानदेशात, गावाकडे उकिरड्यावर, नदीच्या काठावर जो धोत्रा उगवतो, त्याचीच ही फुलं. पण वीतभर लांब, दुधी पांढरी, आणि सगळीच्या सगळी खाली तोंड करून लटकलेली. गावचा धोत्रा आभाळाकडे कर्णा लावून उभा असतो. आबा म्हणाले, "हाऊ बी सुरतले ईसन मान खाले घाली उभा शे. मना सारखा." मना म्हणजे माझ्या, आमच्या अहिराणीत.

दिवसभर त्या फुलांना काही वास नसे. दिवेलागणीला तो सुटायचा. आधी थोडासा, मग एकदम अंगावर येणारा, गोड आणि जड. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याकडून मळीचा वास येतो, तो आणि हा एकत्र झाले की माझं डोकं ठणकायचं. आबांना मात्र तो वास फार आवडायचा. ते झाडाखाली बाज टाकून बसत, बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन, आणि कोणी काही बोललं तरी त्यांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर कायम एक समाधान असे. कोणी बाजेजवळ आलं की मात्र ते न सांगता सरकायचे.

झाड विषारी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. खानदेशातल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी हे शिकवतात की धोत्र्याला हात लावायचा नाही, माणूस वेडा होतो. आबा फांद्या छाटल्यावर राखेने हात घासत. एकदा विसरले आणि डोळा चोळला, तर त्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झाली की दोन दिवस ते एका डोळ्याने बैल आणि एका डोळ्याने माणूस दिसत होते. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. तेही हसले.

आणि विषारी असलं तरी ते महादेवाचं फूल. मायला त्याचाच आनंद होता. लिंबायतमध्ये असताना श्रावणात ती बाजारातून सुकलेला बेल आणि चेपलेली धोत्र्याची फुलं आणायची. आता तिच्या दारात फुलं लटकलेली होती. ती ओळीतल्या बायकांना बोलावून दाखवायची आणि कोणी हात लावायला गेली की हातावर चापट मारायची.

आबा फाल्गुनात गेले. छातीनेच गेले. बाज तिथेच राहिली, कारण ती आत आणायला आम्हा दोघींपैकी कोणीच हात लावला नाही.

मग श्रावण आला. मायचे सोमवार मी लहानपणापासून पाहत आले आहे. दिवसभर निर्जळी, आणि संध्याकाळी पूजा करून उपास सोडायचा. देव्हाऱ्यात बोटभर उंचीची पिंड आहे, ती ताम्हणात घ्यायची, तिच्यावर तांब्यातलं पाणी धरायचं, बेल आणि फूल वाहायचं. त्यातलं पाणी आधी घोटभर तीर्थ म्हणून घ्यायचं आणि मग भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पूर्वीही असंच चालायचं. फक्त त्या श्रावणात तिने सकाळीच फुलं तोडून तांब्यात ठेवायला सुरुवात केली, ती टवटवीत राहावीत म्हणून. संध्याकाळपर्यंत ती त्या पाण्यात असत.

गावच्या देवळात पिंडीवर धोत्र्याचा खच पडतो, आणि ते पाणी पिंडीच्या पन्हळीतून बाहेर वाहून जातं. ते कोणी पीत नाही. पण फ्लॅटमध्ये, रो-हाउसमध्ये देवाला पन्हळ नसते. ताम्हणातलं पाणी मोरीत ओतायला माय कधी धजली नसती. देवाचं पाणी एक तर झाडाला घालायचं नाही तर आपण घ्यायचं. तिने दोन्ही केलं. हे सगळं आज मी ओळीने सांगते आहे. तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला त्यात पूजेशिवाय काही दिसत नव्हतं.

मी घरी उशिरा यायची. शाळा सुटल्यावर लिंबायतमध्येच माझे क्लास असतात. मराठी माध्यमातल्या पोरांना गुजराती वाचायला शिकवणं, हा माझा जोडधंदा. पोरं माझ्याशी हिंदीत बोलतात, आपसात गुजरातीत भांडतात आणि घरी अहिराणीत मार खातात. तिथून कडोदऱ्याची शेअर रिक्षा, मग चालत घर. दिवेलागण तोपर्यंत होऊन गेलेली असायची. त्यामुळे आबा यायचे तेव्हा मी कधीच घरी नसायची.

पहिल्या सोमवारी तिने सांगितलं तेव्हा मी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसले.

"कोठे ऊना व्हता?" मी विचारलं.

"तठे. बाजवर."

"बोलना का काही?"

"नही वं. बठस. हवा खास. जास निंघी."

 माणूस जातो तेव्हा मागे राहिलेल्याला असं काहीबाही दिसतं, हे मी ऐकलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. मी त्यांची एकुलती एक मुलगी, मी रोज त्या बाजेवरून हात फिरवून आत जायची, आणि त्यांनी मला एकदाही दिसू नये. पुढच्या सोमवारी मी तिला खोदून खोदून विचारलं. कोणतं बनियन होतं, दाढी केलेली होती का, दम लागत होता का. ती शांतपणे उत्तरं देत होती. दम लागत नव्हता म्हणाली. ते ऐकून मी मोरीत जाऊन रडले.

त्या दिवसांत ती बोलता बोलता हवेतून काहीतरी चिमटीत पकडायची. अंगठा आणि तर्जनी जुळवून हळूच ओढायची, सोडायची, पुन्हा पकडायची. लुगड्यावरून, चादरीवरून, माझ्या खांद्यावरून. बघणाऱ्या परक्या माणसाच्या काळजात चर्र झालं असतं. आम्हाला काहीच वाटलं नाही. सुरतेत आल्यापासून मायने घरी बसून साड्यांचं धागा कटिंग केलं होतं. भरतकामाच्या साड्यांचे उलट बाजूचे सुटे धागे कापायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. तिची बोटं रिकामी असली की धागे शोधायचीच. लग्नाच्या पंगतीत बसली तरी शेजारणीच्या पदराचा दोरा ओढायची. मी तिला म्हटलं, माय, काम सोडून वर्षं झाली, आता तरी हात खाली ठेव. ती म्हणाली, पण किती निघताहेत बघ ना.

तिचं तोंड कोरडं पडायचं, गाल लाल दिसायचे. उपासाने, असं मी धरून चालले. सुईत दोरा जाईना म्हणून कुरकुरायची. वयाने, असं धरून चालले. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, पण सारख्याच मोठ्या होत्या, म्हणून ते बैल-माणसाचं रूप काही दिसलं नाही.

श्रावण संपला. आबांचं येणं संपलं नाही. आता ते गुरुवारीही येऊ लागले, मग मधल्याच एखाद्या वारी. माय हडकली होती. तिला मी म्हटलं, सोमवार संपले ना. ती म्हणाली, देवाला वार नसतो.

एक दिवस शाळेत असताना शेजारच्या गुजराती बेनचा फोन आला. भर दुपारी माय हायवेच्या कडेने अनवाणी चालत निघाली होती, हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन. लिंबायतला निघाले, लूमवर जेवण पोचवायचं आहे, असं ती म्हणत होती. बेनने तिला धरून आणलं होतं. मी पोचले तेव्हा ती बाजेवर बसलेली होती, तोंड तापलेलं, आणि माझ्याकडे बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परक्या बाईसमोर ओढतात तसा. डब्यात काही नव्हतं. धुतलेला रिकामा डबा होता.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली. बाहुल्या जरासुद्धा लहान झाल्या नाहीत. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, तिची हवेत चिमट्या घेणारी बोटं थोडा वेळ बघत राहिले आणि मग मला विचारलं, "बेन, घरमां धतुरो छे?"

मी आधी नाहीच म्हणाले. आमच्याकडे जे होतं त्याला धोत्रा म्हणायची मला सवयच नव्हती. ते आबांचं झाड होतं. मग मला तांब्या आठवला.

तिला रात्रभर सलाइनवर ठेवलं. सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यावेळी हृदयाने साथ दिली, पुढच्या वेळी देईलच असं नाही. झाड काढून टाका. सोपं होतं. कोयता घरात होता, आणि मला संताप इतका आला होता की हातांनीसुद्धा उपटलं असतं.

शुद्धीवर आलेल्या मायला मी सगळं समजावून सांगितलं. तीर्थ, फुलं, विष, डोळे. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान चकित होईल. ती म्हणाली, "माले म्हाईत शे."

"कव्हय पासून?"

"दुसरा सोम्मारपासून."

म्हणजे पहिल्यांदा चूक झाली होती. त्यानंतर नाही. खानदेशातल्या बाईला धोत्रा काय करतो ते शिकवावं लागत नाही. आमच्यात मूर्ख मी एकटीच होते.

घरी आल्यावर मी कोयता घेऊन बाहेर गेले. ती दारात उभी राहिली. आरडाओरडा नाही, आडवी पडली नाही. एवढंच म्हणाली, "झाड तोडशी ते तुना बाप कोठे बसी?"

मी कोयता खाली ठेवला. का ठेवला, हे मला अनेकांनी विचारलं आहे. बेनने विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं. तुमच्या आईच्या जिवापेक्षा झाड मोठं का? नव्हतं मोठं. पण मी ते कापलं असतं तर तिच्या लेखी मी माझ्या बापाला घराबाहेर काढलं असतं, आणि ती पुन्हा कधी माझ्या हातचं जेवली नसती. माझी माय जेवण सोडून मरू शकते. तिच्या आईने तेच केलं होतं. मला ती जिवंत हवी होती, आणि झाड कापून ती जिवंत राहील याची मला खात्री नव्हती.

म्हणून मी बायकी मार्ग काढला. तांब्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. सकाळी शाळेत जाण्याआधी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून झाडावरची फुलं आणि कळ्या एकूण एक तोडायची, पिशवीत बांधायची आणि दूर नाल्याकडे टाकून यायची. माय ओट्यावर बसून बघायची. मला वाटायचं मी जिंकते आहे. पण ते झाड असं होतं की संध्याकाळी त्यावर एखादं फूल असायचंच, पानाआड राहिलेलं. आणि पेला काय, तो घरात कुठलाही चालतो.

एका सोमवारी मला वर्गात बसवेना. पोरांना उजळणी म्हणायला दिली होती, पण त्यांचा आवाज माझ्या कानात शिरत नव्हता. मी क्लास रद्द केले आणि उजेड असतानाच घरी आले. तिला रंगेहाथ धरायचं असं मी स्वतःला सांगत होते. पण आत खोलवर मला माहीत होतं की मी दुसऱ्याच कारणासाठी चालले आहे. मला ते कसे येतात ते पाहायचं होतं.

घरात देव्हाऱ्यापाशी घंटी वाजत होती. मी आत गेले नाही. झाडाखाली बाजेवर जाऊन बसले. फूल एकच होतं, माझ्या डोक्याच्या वर, आणि वास सुटायला लागला होता. एका फुलाचा एवढा वास असतो हे मला माहीत नव्हतं. समोर उसाच्या शेताच्या जागी नव्या ओळीचे खांब उभे होते. मी काही पाहिलं नाही. काही ऐकलं नाही. बाजेच्या दोऱ्या थोड्या करकरल्या, पण मी बसले की त्या करकरतातच.

मग माय बाहेर आली, हातात चहाचा कप घेऊन. तिने बाजेकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. आधी ती माझ्या शेजारी बघत होती. मग माझ्याकडे. मग पुन्हा शेजारी. तिच्या चेहऱ्यावरचं आधीचं जे काही होतं, ते मी त्या क्षणापुरतं पाहिलं. नवीन सून नवऱ्याला चहा देताना जशी असते तशी ती होती. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरलं. मी म्हणाले, "माय." तिने उत्तर दिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. ती मागच्या पावलांनी आत गेली, कप तसाच हातात, आणि देव्हाऱ्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसली. मी जवळ गेले तरी तिने मान वळवली नाही. डॉक्टरांना फोन केला. थोडंच घेतलेलं दिसतंय, पाणी पाजत राहा, नाडीवर लक्ष ठेवा, वाढलं तर घेऊन या, म्हणाले. तिचा हात माझ्या हातात होता आणि ती तो सोडवून घेत होती.

सकाळी मला कोयत्याच्या आवाजाने जाग आली. माय झाड तोडत होती. लुगड्याचा काष्टा मारून, हातांना फडकी गुंडाळून, पद्धतशीर. फांद्या आधी, मग खोड. खोड मऊ असतं, फार वेळ लागत नाही. मी दारात उभी राहिले. तिने मला पाहिलं आणि या वेळी ती माझ्याशी बोलली, चहा ठेवलाय घे म्हणून. तिचे डोळे जवळजवळ नेहमीसारखे झाले होते.

मी म्हणाले, काल मी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस.

गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते, ती म्हणाली. ओ दिली की तो न्यायला येतो. ती आबांशी कधीच बोलली नव्हती, इतके सोमवार समोर बसून. नुसती बघायची. आणि काल तिला कळेना की मी कोणाच्या बाजूची आहे, जित्यांच्या की गेलेल्यांच्या.

मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे एवढाच घोटाळा होता. मी तिच्याजवळ गेले, तिच्या फडकं बांधलेल्या हाताला धरलं आणि सांगितलं, "माय, मीच व्हतू ती. खरीच. शाळामाईन लवकर ऊनू व्हतू."

"तू खरी व्हती, माले म्हाईत शे," ती म्हणाली. "रातभर मना हात धरी बठेल व्हती. हात गरम व्हता तुना."

"मंग?"

तिने शेवटचा बुंधा कोयत्याने उकरला. मुळं वर आली, पांढरी, मातीने भरलेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "पन तुना बाप बाजूले सरकी गया. तुनासाठे जागा करी दिधी तेनी."

मग ती रडली. आबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. जमिनीवर बसून, कोयता बाजूला ठेवून, अगदी लहान मुलीसारखी. त्यांचा राग नव्हता तिला. बापच तो, लेक येऊन बसली तर सरकणारच, त्याला काय कळतंय आपण कुठे आहोत, त्याच्या शेजारची जागा जित्या माणसाची नव्हे, असं ती हुंदक्यांमधून मला समजावत होती, जणू मीच त्यांच्यावर रागावेन. तिने त्यांना दुसऱ्यांदा घालवलं होतं, यावेळी स्वतःच्या हाताने, आणि माझ्यासाठी.

त्या संध्याकाळी बाजेवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन. पण सगळी बाज रिकामी असताना मी मधोमध बसले नव्हते. मी एका कडेला बसले होते.